दात साफ करणाऱ्या बाईचे नाव नोंदवहीत कसे आले

आपल्या सामुदायिक रेडिओवर आजवर आपण बचत, शेळीपालन, पापड-मसाल्याचे परवाने अशा विषयांवर बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. दवाखान्यात डॉक्टरांशेजारी उभे राहून दातांवरचे किटण काढणे, दात घासूनपुसून चकचकीत करणे आणि पेशंटला ब्रश कसा धरायचा ते शिकवणे, हे काम करणाऱ्या माणसाला इंग्रजीत डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. सरकारी भरतीच्या जाहिरातीत त्यालाच 'दंत आरोग्यक' असे नाव दिसते. हे काम करायला परवाना लागतो, म्हणजे सरकारमान्य नोंदवहीत नाव लागते. ही नोंदवही कुठून आली, कुणासाठी आली आणि आपल्या मुलींना तिचा काय उपयोग, हे आज सांगते.

हा विषय घेण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत बारावी झालेल्या मुलींच्या आया गटाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारतात. "ताई, नर्सिंगला नंबर लागला नाही, दातांचा एक वर्षाचा कोर्स निघालाय म्हणतात, घालू का पोरीला?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

राखुंडीपासून सुरुवात

आपल्या आज्या-पणज्या दात कशाने घासत? चुलीतली राख, कोळशाची राखुंडी, मीठ, नाहीतर बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी. नंतर माकडछाप काळी पावडर आली. आणि बायकांच्या वाट्याला मिश्री आली. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही काळी पूड दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा लागते. दात दुखतो म्हणून मिश्री लावली, असे आजही बाया सांगतात. वेदना थोडा वेळ बधिर होते, पण हिरडी आतून खराब होत जाते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री कुठल्याही दुकानाच्या धाडीत सापडत नाही.

दाढ फारच ठणकली तर काय करायचे? आठवडे बाजारात चटईवर पक्कड, बाटल्या आणि काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारा माणूस असे. जुन्या बायांना तो अजून आठवतो. तो दात पाडून देई, लवंगेचे तेल लावी, कवळीही बसवून देई. मुंबईत चिनी दंतवैद्यांच्या पाट्या कित्येक वर्षे होत्या. यांतले काही जण हाताने खरोखर कुशल होते. पण एकाच्या तोंडातली पक्कड दुसऱ्याच्या तोंडात जाताना उकळली जात होती का, हे विचारणारे कुणी नव्हते. कुशल कोण आणि भोंदू कोण, हे ओळखायची सोय पेशंटकडे नव्हती. नोंदवहीची गरज नेमकी तिथून निर्माण झाली.

आधी डॉक्टर, मग नर्स, मग दात

नोंदवही ही कल्पना आपल्याकडे एकदम आली नाही. मुंबई इलाख्यात १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. नर्स, सुईण आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३५ साली झाला. म्हणजे डॉक्टरांनंतर तेवीस वर्षांनी, बहुतेक करून बायाच करत असलेल्या कामाला कायद्याने नाव दिले.

आपल्या नगरला हे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्युलिया बिसेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगर शहरात बायका-मुलांसाठी दवाखाना उभा केला. पुढे तो साल्व्हेशन आर्मीकडे गेला आणि आज आपण त्याला बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखतो. पडद्यामुळे किंवा संकोचामुळे पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बाया अशा ठिकाणी येत. तिथे काम शिकलेल्या मुलींच्या हाती हुन्नर होता. पण हुन्नराला सगळीकडे मान मिळायचा तर कागद लागतो, आणि कागदाला किंमत यायची तर त्यामागे कायदा लागतो.

दातांच्या बाबतीत आपला देश फारच मागे होता. १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंतवैद्यकाचे कॉलेज काढले. ते अमेरिकेत शिकून आले होते. पैसे जमवायला त्यांनी कलकत्त्यात सोडा फाउंटनचे दुकान चालवले, असे त्यांच्याबद्दल सांगतात. महंमद अली जीनांची बहीण फातिमा जीना याच कॉलेजात शिकली आणि १९२३ साली तिने मुंबईत दातांचा दवाखाना उघडला. शंभर वर्षांपूर्वी एक बाई मुंबईत दंतवैद्य म्हणून पाटी लावत होती, हे लक्षात ठेवा. १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. १९३९ साली बंगालने दंतवैद्यांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला. त्यामागेही डॉ. अहमद होते.

तरी गरज किती मोठी होती बघा. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यानुसार सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेले दंतवैद्य सुमारे एक हजार होते, म्हणजे साधारण तीन लाख माणसांमागे एक. आजच्या हिशेबाने एखाद्या मोठ्या तालुक्याला एक डॉक्टर, तोही बहुधा शहरात बसणारा. अशा परिस्थितीत गावच्या बाजारात पक्कड घेऊन बसलेल्या माणसाला शिव्या देऊन काय उपयोग होता?

अमेरिकेतल्या एका गॅरेजातली शाळा

आता जरा दूर जाऊ. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे गाव आहे. तिथले दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांच्या मनात आले की, दात किडल्यावर उपटण्यापेक्षा किडण्याआधी साफ का करू नयेत? पण दिवसभर साफसफाई करत बसायला डॉक्टरांकडे वेळ कुठला? म्हणून १९०६ साली त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईला, आयरीन न्यूमन हिला, हे काम शिकवले. ती त्यांची चुलतबहीणच होती.

१९१३ साली फोन्स यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये वर्ग भरवला. त्यातून सत्तावीस जणी शिकून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना गावातल्या शाळांमध्ये मुलांचे दात तपासायचे, साफ करायचे आणि मुलांना शिकवायचे काम मिळाले. 'डेंटल हायजिनिस्ट' हा शब्दही फोन्स यांचाच. दात साफ करणारी नव्हे, तर आरोग्य राखणारी, असे त्यांना म्हणायचे होते. १९१७ साली आयरीन न्यूमनला राज्याचा परवाना मिळाला. दातांची निगा राखण्याच्या कामाचा जगातला हा पहिला परवाना समजला जातो.

न्यूझीलंडने १९२१ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. वेलिंग्टनमध्ये तरुण मुलींना शिकवून त्यांना शाळांत दंत परिचारिका म्हणून नेमले. त्या मुलांचे दात भरत आणि काढतही असत. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलाने अशी माणसे शिकवून तयार केली, तेव्हा कुठे तिथे या कामाला जागा मिळाली.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. डॉक्टर कमी, तोंडे जास्त, म्हणून कामाची वाटणी झाली. आणि वाटणी झाली की लगेच प्रश्न आला, कुणी कुठपर्यंत हात घालायचा? परवान्यावर नुसते नाव लिहून भागत नाही. कामाची हद्दही त्यात ठरवावी लागते.

१९४८ चा कायदा आणि त्यातल्या तीन नोंदवह्या

स्वतंत्र भारताने हा प्रश्न फार लवकर हाती घेतला. २९ मार्च १९४८ रोजी दंतवैद्य कायद्याला मंजुरी मिळाली. औषध दुकानदारांचा म्हणजे फार्मासिस्टांचा कायदाही त्याच महिन्यातला. पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १९४९ रोजी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. राज्याराज्यांत नोंदणी करायला राज्य परिषदा आल्या. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र राज्य दंत परिषद करते, तिचे कार्यालय मुंबईला आहे.

या कायद्यात तीन प्रकारची माणसे सांगितली आहेत. पहिला दंतवैद्य. दुसरी व्यक्ती दंत आरोग्यक. कायद्याच्या भाषेत, जी डॉक्टर नाही पण दातांवरचे किटण काढते, दात साफ करते, त्यांना पॉलिश करते किंवा दातांच्या स्वच्छतेचे शिक्षण देते ती व्यक्ती. तिसरा दंत यांत्रिक, म्हणजे कवळ्या आणि दातांची उपकरणे बनवणारा, दुरुस्त करणारा. प्रत्येकाची नोंदवही वेगळी, प्रत्येकाचे काम वेगळे. आयरीन न्यूमनला परवाना मिळाल्यावर एकतीस वर्षांतच आपल्या कायद्यात त्या कामाची व्याख्या आली, हे काही थोडे नाही.

मग बाजारातल्या त्या पक्कडवाल्याचे काय झाले? कायदा करणाऱ्यांनी त्याचा विचार केला होता. दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग केले, 'अ' आणि 'ब'. 'अ' भागात पदवीवाले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच कामावर पोट भरत आलेले. म्हणजे जुन्या माणसाची भाकरी हिरावून घेतली नाही. मात्र ही सवलत सुरुवातीपुरती होती. पुढे नुसत्या अनुभवावर डॉक्टर म्हणून नाव लावायचा रस्ता बंद झाला.

आणखी एक तरतूद मला फार माणुसकीची वाटते. जवळपास कुणी नोंदणीकृत दंतवैद्य नसेल आणि पेशंटला अगदीच निकड असेल, तर दुसऱ्या कुणीही दात काढला तरी तो गुन्हा धरायचा नाही. अट एकच, बधिर करायचे किंवा भूल द्यायचे औषध वापरायचे नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांना खेड्यातली रात्र माहीत असणार. तीन लाखांमागे एक डॉक्टर असताना कायदा करायचा तर असाच करावा लागतो.

खोटे सांगून आपण नोंदणीकृत आहोत असे भासवले, तर पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असे त्या कायद्यात होते. १९४८ साली पाचशे रुपये म्हणजे काही महिन्यांची कमाई होती.

मग आपल्याकडे दंत आरोग्यक दिसत का नाही?

हा खरा प्रश्न आहे. कायद्यात नाव १९४८ पासून आहे, पण आपल्या तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात गेलात तर बहुतेक ठिकाणी काय दिसते? डॉक्टर स्वतःच किटण काढतात आणि शेजारी एक मुलगी ट्रे धरून उभी असते. ती दवाखान्यातच शिकलेली असते. हत्यारे धुते, नंबर लावते, पैसे घेते. तिला सगळे असिस्टंट म्हणतात. ती दंत आरोग्यक नसते आणि तिने पेशंटच्या तोंडात हत्यार घालायचे नसते.

याचे एक कारण साधे आहे. आपल्याकडे दंतवैद्य कॉलेजांची संख्या पुढे फार वाढली. आज देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालये आहेत. आपल्याच जिल्ह्यात लोणीला प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरजवळ एसएमबीटीचे आहे. नवीन डॉक्टर इतके निघू लागले की साफसफाईचे काम दुसऱ्याला देण्याची गरज डॉक्टरांना वाटली नाही. पण हे डॉक्टर राहतात शहरात आणि बाजारपेठेच्या गावात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवर किंवा पाथर्डीच्या ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर मुलांचे दात बघणारे रोज कुणी नसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात आणि मुलांच्या तपासणीत दातही बघतात, ही चांगली गोष्ट आहे. पण तपासणी वेगळी आणि वर्षभराची निगा वेगळी.

इथे मला जामखेडची आठवण होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या बाया, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केल्या. गरोदर बाईची काळजी, बाळाचा आहार, स्वच्छता, लसीकरण, हे त्या बायांनी घरोघर नेले आणि सगळ्या जगातून लोक ते बघायला जामखेडला आले. १९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांचे नाव कुठल्याही परिषदेच्या नोंदवहीत नव्हते. तरी त्यांनी काम केले आणि जीव वाचवले.

मग कुणी म्हणेल, ताई, नोंदवहीची गरजच काय? तर फरक नीट समजून घ्या. सांगणे, शिकवणे, घरोघर जाऊन मिश्री सोडायला लावणे, मुलांना रात्री झोपताना ब्रश करायला लावणे, हे आपण सगळ्या जणी करू शकतो आणि केलेच पाहिजे. पण ज्या क्षणी धारदार हत्यार दुसऱ्याच्या हिरडीला लागते, तिथे रक्त येते. रक्तातून कावीळ ब सारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तिथे हत्यार निर्जंतुक कसे करायचे, कुठे थांबायचे आणि डॉक्टरांना कधी बोलवायचे, हे शिकलेलेच माणूस हवे. जामखेडच्या सेविकांनीही आपल्या हाताबाहेरची बाई पुढे दवाखान्यात पाठवायला शिकून घेतले होते. हद्द ओळखणे हे त्यांच्या शिक्षणात होते. नोंदवही तीच हद्द कागदावर आणते.

पैसे गेले, कागद हाती आला, पण नाव लागले नाही

आमच्या एका गटातल्या ताईंनी लेकीसाठी गटातून कर्ज काढले. पंचेचाळीस हजार रुपये. जवळच्या शहरातल्या एका खासगी संस्थेत एक वर्षाचा 'डेंटल' कोर्स होता. फलकावर डॉक्टरांचे फोटो होते, 'शंभर टक्के नोकरी' असे लिहिले होते. पोरगी हुशार, रोज एसटीने गेली-आली, पास झाली. चांगला रंगीत सर्टिफिकेटही मिळाला. नोकरीच्या एका जाहिरातीत 'दंत परिषदेची नोंदणी आवश्यक' असे होते, म्हणून तिने चौकशी केली. तेव्हा कळले की त्या संस्थेला दंत परिषदेची मान्यताच नव्हती. त्या कागदावर नाव लागणे शक्यच नव्हते. आईने पुढचे दीड वर्ष कांद्याच्या शेतात मजुरीला जाऊन हप्ते फेडले. एकही हप्ता चुकवला नाही. गटाचे पैसे वसूल झाले, पण पोरीचे वर्ष कुणी परत दिले नाही.

त्यानंतर आमच्या गावपातळीवरच्या संघात आम्ही ठरवले की शिक्षणासाठी कर्ज देताना चार प्रश्न विचारायचेच. हे प्रश्न तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, कोर्सचे पूर्ण नाव काय? 'डेंटल असिस्टंट', 'डेंटल हायजिनिस्ट' आणि 'डेंटल मेकॅनिक' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते 'डेंटल कोर्स' हे नाव म्हणजे काहीच नाही.

दुसरा, किती वर्षांचा? दंत आरोग्यकाचा मान्य अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात कुणी हायजिनिस्ट करून देतो म्हणत असेल, तर तिथेच उठून या.

तिसरा, प्रवेशाला काय लागते? बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घेऊन झालेली हवी. कलाशाखेच्या मुलीलाही 'चालतं चालतं' म्हणून घेत असतील, तर पुढे नोंदणीला अडचण येणार.

चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा, दंत परिषदेची मान्यता आहे का आणि त्याचे पत्र दाखवता का? तोंडी 'आपलं सर्टिफिकेट भारतभर चालतं' हे उत्तर धरायचे नाही. मान्यता संस्थेला असते, कोर्सला असते आणि किती जागांना असते हेही लिहिलेले असते. राज्य परिषदेकडे लेखी विचारणा करता येते. अर्ज लिहायला गटाची सचिव मदत करू शकते.

नाव लागले तर पुढे काय

अभ्यासक्रम पुरा झाला की राज्य परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करायचा. फी भरायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे. ही नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करावी लागते, हे विसरू नका. बाळंतपणात दोन-तीन वर्षे घरी राहिलेल्या मुलींची नोंदणी अशीच मागे पडते आणि पुन्हा नोकरीला जाताना अडते.

आणखी एक बाईमाणसाची अडचण. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कोर्सच्या गुणपत्रिकेवर दुसरे, लग्नानंतर आधारवर तिसरे. नोंदवहीत नाव लागते ते कागदावरच्या अक्षरांनी. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी जवळ ठेवा. नाहीतर सरळ माहेरच्याच नावाने सगळे कागद चालू ठेवा, त्यात कमीपणा काहीच नाही.

या कामाला लागण्याआधी कावीळ ब ची लस घ्यावी. तिचे तीन डोस असतात. आणि काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे. दात काढणे, भरणे, बधिर करायचे इंजेक्शन देणे हे दंत आरोग्यकाच्या कामात येत नाही. स्वतःचा स्वतंत्र दवाखाना टाकायचा विचारही करू नये.

नोकऱ्या किती, तर खरे सांगायचे म्हणजे डॉक्टर-नर्सइतक्या नाहीत. सरकारी रुग्णालयांत पदे थोडी असतात, दंत महाविद्यालयांत असतात आणि मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत मागणी असते. परदेशाचे आमिष दाखवले तर लक्षात ठेवा, आखाती देशांत तिथली वेगळी परवाना प्रक्रिया पार करावी लागते आणि अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. फ्लोरिडा राज्यात परदेशात शिकलेले दंतवैद्यसुद्धा हायजिनिस्टची परीक्षा देऊन हे काम करू शकतात. ज्या कामाला आपल्याकडे 'असिस्टंटच काम' म्हणून हिणवतात, ते तिथे पूर्ण डॉक्टर झालेली माणसे मानाने करतात.

ज्या मैत्रिणी ब्युटी पार्लर चालवतात त्यांच्यासाठीही एक सांगणे. 'दात पांढरे करून मिळतील', 'दातावर खडा बसवून मिळेल' अशी यंत्रे आणि किट विकायला लोक येतात. दात साफ करणे आणि पॉलिश करणे हे कायद्याने नोंदणीकृत माणसाचे काम आहे. गटाच्या कर्जातून असे यंत्र घेऊ नका. पैसेही जातील आणि कुणाच्या दाताला इजा झाली तर गावात तोंड दाखवायची चोरी होईल.

नवी नोंदवही

१९४८ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा केला. त्यात जुन्या परिषदेऐवजी आयोगाची तरतूद आहे आणि दंतवैद्यांबरोबरच दंत साहाय्यकांच्या, म्हणजे आरोग्यक वगैरेंच्या, राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. त्याआधी २०२१ साली लॅब तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा कितीतरी कामांसाठीही वेगळा कायदा झाला. म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभे राहून काम करणाऱ्या माणसांची नावे आता सरकार लिहून घेऊ लागले आहे. म्हणून कोर्सला घालताना कोणता नियम चालू आहे हे त्या वर्षी, त्या महिन्यात विचारून घ्या. पाच वर्षांपूर्वी शेजारणीच्या मुलीला काय लागले होते, त्यावर जाऊ नका.

मैत्रिणींनो, आपण बचत गटात पहिल्या दिवशी काय केले होते? एक वही आणली, त्यात प्रत्येकीचे नाव लिहिले आणि नावापुढे दहा-वीस रुपये मांडले. त्याआधीही आपण साठवतच होतो, डब्यात, तांदळाच्या पिंपात, पदराच्या गाठीला. पण वहीत नाव आल्यावर बँकेने आपल्याला दारात उभे केले. दातांच्या कामाचेही तसेच आहे. हुन्नर बायांच्या हातात आधीही होता, आजही आहे. ज्यांच्या मुलींना हे काम करायचे आहे, त्यांनी दोन वर्षांचा मान्य अभ्यासक्रम शोधावा, कर्ज काढण्याआधी मान्यतेचे पत्र मागावे आणि शेवटी नाव नोंदवहीत लागेल याची खात्री करावी. आणि ज्यांना हे काम करायचे नाही, त्यांनी आज रात्री नातवंडांना झोपण्याआधी ब्रश करायला लावावा आणि मिश्रीची डबी चुलीत टाकावी. त्याला कुणाचाही परवाना लागत नाही.

पुढच्या बैठकीला कोर्सची माहितीपत्रके घेऊन या, आपण मिळून वाचू.